हक्कांचा वकील : थर्गुड मार्शल

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात बाल्टिमोर नावाचे मोठे बंदर आहे. तेथे २ जुलै १९०८ रोजी थर्गुड मार्शल यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव थरोगुड असे होते. हे लांबलचक नाव पुन्हापुन्हा लिहिण्याचा दुसरीतल्या त्या मुलाला कंटाळा आला आणि त्याने ते स्वतःच छोटे करून टाकले. पुढे जगाने त्यांना त्या छोट्या नावानेच ओळखले.

थर्गुडचे पणजोबा गुलाम होते. वडील विल्यम रेल्वेच्या भोजनाच्या डब्यात वाढप्याचे काम करत. पुढे ते गोऱ्या लोकांच्या एका क्लबात व्यवस्थापक झाले. त्या क्लबात ते नोकर म्हणून जाऊ शकत, सभासद म्हणून नाही. आई नॉर्मा काळ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. घरात गरिबी नव्हती, पण श्रीमंतीही नव्हती.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या माणसांचे सारेच वेगळे होते. शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे, पाण्याचे नळ वेगळे. आपल्या देशात अस्पृश्यतेच्या काळात पाणवठे कसे वेगळे असत, हे तुम्ही वाचले असेल. तसाच हा प्रकार होता. बाल्टिमोरच्या मोठ्या दुकानांत काळ्या गिऱ्हाइकाला कपडा अंगात घालून पाहता येत नसे. शहराच्या मध्यभागी काळ्या माणसासाठी एकही स्वच्छतागृह नव्हते. एकदा थर्गुडला त्यासाठी ट्राम पकडून थेट घराकडे धाव घ्यावी लागली होती. ही आठवण म्हातारपणीही त्यांच्या मनातून गेली नाही.

आता हे सारे कायद्याने कसे चालत होते, ते पाहिले पाहिजे. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये बंद झाली. १८६८ मध्ये राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती झाली. कोणत्याही राज्याने कोणाही माणसाला कायद्याचे समान संरक्षण नाकारू नये, असे तिने सांगितले. कागदावर प्रश्न मिटला होता. पण १८९६ मध्ये आगगाडीच्या डब्यासंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की काळ्यांची सोय वेगळी ठेवली तरी चालेल, मात्र ती गोऱ्यांच्या सोयीइतकीच चांगली असावी. या निकालातील वेगळेपण सर्वांनी उचलले. बरोबरी मात्र कोणीच लक्षात ठेवली नाही. थर्गुड मार्शल यांच्या आयुष्याची पहिली शेचाळीस वर्षे या निकालाच्या सावलीत गेली. तो निकाल पुढे त्यांनीच उलटवला.

शाळेत असताना थर्गुड भलताच खोडकर होता. खोडी केली की त्याला तळघरात बसवत आणि राज्यघटनेचा एक भाग पाठ करायला लावत. शाळा सोडेपर्यंत जवळजवळ सगळी घटना त्याला तोंडपाठ झाली होती! शिक्षा करणाऱ्या शिक्षकांना आपण काय करत आहोत याची कल्पना नसणार. घटनेत समानतेचे शब्द होते आणि तळघराबाहेर ते कोठेच दिसत नव्हते. हा फरक त्या मुलाच्या ध्यानात आला.

वडिलांना न्यायालयात जाऊन खटले ऐकण्याचा छंद होता. ते दोन्ही मुलांना बरोबर नेत. घरी जेवणाच्या वेळी बापलेकांचे वाद रंगत. मुलाने काही विधान केले की वडील लगेच पुरावा मागत. कारण सांगितले की त्या कारणाचे कारण विचारत. वकील हो, असे वडिलांनी त्याला कधीच सांगितले नाही. पण रोजच्या या वादातूनच त्याच्यातील वकील घडला, असे मार्शल पुढे मानत.

पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठातून १९३० मध्ये ते पदवीधर झाले. त्याआधीच, १९२९ मध्ये, व्हिव्हियन बुरे या तरुणीशी त्यांचे लग्न झाले होते. आता कायदा शिकायचा होता. मेरीलँड विद्यापीठाचे कायद्याचे महाविद्यालय घराजवळच होते, पण तेथे काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता. म्हणून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जाणे भाग पडले. फी भरण्यासाठी आईने आपल्या लग्नाच्या अंगठ्या मोडल्या. वॉशिंग्टनला राहणे परवडणारे नव्हते. मार्शल पहाटे उठून आगगाडीने वॉशिंग्टन गाठत, दिवसभर शिकत, ग्रंथालयात काम करत आणि रात्री उशिरा घरी परतत. अशी तीन वर्षे त्यांनी काढली.

हॉवर्डमध्ये त्यांना चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे गुरू भेटले. ह्यूस्टन फार कडक होते. काळ्या वकिलाची चूक कोणी पोटात घालणार नाही, तेव्हा त्याचे काम गोऱ्या वकिलापेक्षा सरस असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. कायदा हे समाज बदलण्याचे हत्यार आहे आणि ते धारदार ठेवावे लागते, हे मार्शल त्यांच्याकडून शिकले. १९३३ मध्ये ते वर्गात पहिले आले.

बाल्टिमोरला त्यांनी वकिली सुरू केली, तेव्हा देशात मोठी मंदी होती. अशील येत, पण त्यांच्या खिशात पैसे नसत. मार्शल कोणाला परत पाठवत नसत. त्यामुळे पहिल्या वर्षी मिळकत राहिली बाजूला, पदरचेच पैसे गेले. गरिबांचा वकील म्हणून नाव मात्र झाले.

वकील, हक्क, फिर्याद हे शब्द तुम्हांला घरच्या भाषेतूनच ठाऊक आहेत. मराठीने ते अरबी आणि फार्सीतून घेतले. कोणत्याही भाषेत असले, तरी त्या शब्दांना अर्थ येतो तो कोणीतरी फिर्याद करायला उभे राहिल्यावर. डोनाल्ड मरे नावाचा तरुण असाच उभा राहिला. तो उत्तम शिकलेला होता. मेरीलँडच्या कायदा महाविद्यालयाने केवळ रंगामुळे त्याचा अर्ज परत पाठवला. ज्या दाराकडे मार्शल स्वतः फिरकू शकले नव्हते, तेच हे दार. त्यांनी आणि ह्यूस्टन यांनी मरेचा खटला हाती घेतला.

त्यांचा मुद्दा साधा होता. वेगळी पण समान सोय असली पाहिजे, असे न्यायालय म्हणते. मग मेरीलँड राज्यात काळ्यांसाठी कायद्याचे वेगळे महाविद्यालय कोठे आहे? ते नव्हतेच. म्हणजे निकालाच्या अटींनुसारसुद्धा मरेला प्रवेश दिलाच पाहिजे. जून १९३५ मध्ये न्यायाधीशांनी मरेच्या बाजूने हुकूम दिला. राज्याने अपील केले, पण जानेवारी १९३६ मध्ये वरच्या न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. मरे तेथेच शिकला आणि १९३८ मध्ये वकील झाला. आकाश कोसळेल असे म्हणणारे गप्प बसले.

यानंतर शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न आला. मेरीलँडमध्ये काळ्या शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांपेक्षा फार कमी पगार मिळत असे. मार्शल यांची आईही शिक्षिकाच होती. त्यांनी गावोगाव जाऊन शिक्षकांना एकत्र केले आणि दावे लावले. नोकरी जाण्याची भीती असल्यामुळे फिर्यादी मिळणे कठीण होते. तरी काही जण पुढे आले आणि एकेका जिल्ह्यात पगार समान होत गेले. मोठमोठ्या खटल्यांच्या गर्दीत ही लढाई मागे पडते. पण दर महिन्याला घरात येणारे पैसे हाही हक्कच असतो.

काळ्या लोकांच्या उन्नतीसाठी १९०९ मध्ये एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली होती. तिचे कार्यालय न्यूयॉर्कमध्ये होते. १९३६ मध्ये मार्शल तेथे गेले आणि १९३८ मध्ये ह्यूस्टन यांच्या जागी मुख्य वकील झाले. १९४० मध्ये त्यांनी या कामासाठी कायदेविषयक मदतीचा स्वतंत्र निधी उभा केला. पुढची वीस वर्षे ते सतत प्रवासात होते. दक्षिणेत हॉटेलात काळ्या माणसाला खोली मिळत नसे. म्हणून ते कोणा शिक्षकाच्या, कोणा धर्मगुरूच्या घरी उतरत. तेथेच टंकलेखन यंत्रावर अर्ज तयार होत. वकीलसाहेब आपल्या गावी आले आहेत, या नुसत्या बातमीनेही लोकांना धीर येई.

हे काम जिवावरचे होते. टेनेसी राज्यातील कोलंबिया गावात १९४६ मध्ये रेडिओ दुरुस्तीवरून भांडण झाले आणि त्याची दंगल झाली. पुढे पोलिसांनी काळ्यांच्या वस्तीत शिरून मोडतोड केली. पंचवीस काळ्या माणसांवर खुनाच्या प्रयत्नाचा खटला भरण्यात आला. मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बचाव केला. आश्चर्य म्हणजे, सर्व गोऱ्या ज्यूरीने त्यांपैकी तेवीस जणांना निर्दोष ठरवले. गावातील काही लोकांना हे सहन झाले नाही.

नोव्हेंबर महिन्यात उरलेल्या दोघांचा खटला संपला. रात्र झाली होती. मार्शल आणि त्यांचे सहकारी मोटारीने नॅशव्हिल शहराकडे निघाले. वाटेत पोलिसांनी गाडी अडवली. मार्शल दारू पिऊन गाडी चालवत होते, असा आरोप ठेवून त्यांना दुसऱ्या गाडीत बसवले. बाकीच्यांना पुढे निघून जाण्याचा हुकूम झाला. मार्शल यांना घेतलेली गाडी मात्र गावाकडे जाण्याऐवजी आडरस्त्याने नदीकडे वळली. डक नदीच्या काठी काळ्या माणसांना नेऊन काय करतात, हे सर्वांना माहीत होते. सहकाऱ्यांनी हुकूम मोडला आणि ते मागोमाग गेले. साक्षीदार पाठीवर आहेत असे पाहून पोलिसांनी गाडी परत फिरवली. गावातील दंडाधिकाऱ्याने मार्शल यांच्या तोंडाचा वास घेतला आणि दारूचा मागमूसही नाही, असे सांगून त्यांना सोडून दिले. त्या रात्री त्यांना वेगळ्या मोटारीने गावाबाहेर काढावे लागले. हा प्रसंग मार्शल पुढे हसतहसत सांगत. ऐकणाऱ्यांना मात्र हसू येत नसे.

सर्वोच्च न्यायालयात त्यांचे खटले एकामागून एक उभे राहत होते. टेक्सास राज्यात एका पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत फक्त गोऱ्यांनाच मत देता येई. तेथे तोच पक्ष नेहमी जिंकत असल्यामुळे खरी निवडणूक तीच होती. १९४४ मध्ये न्यायालयाने ही पद्धत रद्द केली. काळ्यांना घर विकू नये, असे करार लोक आपापसांत करत. असे करार न्यायालये अमलात आणणार नाहीत, असा निकाल १९४८ मध्ये मिळाला. १९५० मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठातील एका वयस्क विद्यार्थ्याचा खटला आला. त्याला प्रवेश दिला होता, पण वर्गाच्या बाजूच्या कोनाड्यात वेगळे बसवले होते. ग्रंथालयात त्याचे टेबल वेगळे होते आणि जेवणाची वेळही वेगळी होती. अशा शिक्षणाला समान शिक्षण म्हणता येणार नाही, हे न्यायालयाने मान्य केले.

१९५१ च्या आरंभी मार्शल जपान आणि कोरियाला गेले. तेव्हा कोरियात युद्ध चालू होते. अमेरिकी सैन्यातील काळ्या शिपायांना भित्रेपणाच्या आरोपावरून मोठ्या संख्येने शिक्षा होत होत्या. मार्शल यांनी तुरुंगात जाऊन त्या शिपायांच्या भेटी घेतल्या, कागदपत्रे तपासली. काही शिपायांना तासाभराच्या आत चौकशी उरकून जन्मठेप दिली होती. त्यांच्या प्रयत्नांमुळे अनेकांच्या शिक्षा कमी झाल्या.

आता शाळांकडे वळू.

दक्षिण कॅरोलायना राज्यात क्लॅरेंडन नावाचा जिल्हा आहे. तेथे गोऱ्या मुलांना शाळेत न्यायला तीस बसगाड्या होत्या. काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. १९४९-५० साली एका गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत आणि एका काळ्या मुलामागे ४३ डॉलर. पालकांनी आधी फक्त एक बस मागितली होती. ती मिळाली नाही. तेव्हा त्यांनी सगळ्या बाबतींत बरोबरी मागितली. अर्जावर पहिले नाव हॅरी ब्रिग्ज यांचे होते. ते पेट्रोलपंपावर कामाला होते. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांना कामावरून काढून टाकले. त्यांच्या पत्नीचीही नोकरी गेली. लोकांना संघटित करणारे धर्मगुरू जोसेफ डिलेन यांचे घर जाळले गेले आणि शेवटी त्यांना राज्य सोडून जावे लागले. मार्शल यांचे नाव इतिहासात मोठ्या अक्षरांत आहे आणि ते योग्यच आहे. पण वकील संध्याकाळच्या गाडीने गाव सोडू शकतो, अशिलाला तेथेच राहावे लागते. म्हणून या खटल्यांतील खरी जोखीम सही करणाऱ्यांनी उचलली, असे मला वाटते. मार्शल स्वतःही हे कधी विसरले नाहीत.

१९५१ मध्ये हा खटला चार्ल्स्टन येथे उभा राहिला. शाळा आणखी चांगल्या बांधून द्या, एवढेच मागणे आता मार्शल यांना पुरेसे वाटत नव्हते. मुलांना वेगळे ठेवणे हेच मुळात अन्यायाचे आहे, असे त्यांना सिद्ध करायचे होते. पण मनाला झालेली जखम न्यायालयात दाखवायची कशी? केनेथ क्लार्क आणि त्यांच्या पत्नी मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी मुलांवर एक साधा प्रयोग केला होता. मुलांसमोर सारख्याच बाहुल्या ठेवायच्या, काही गोऱ्या, काही सावळ्या. मग विचारायचे, की खेळायला कोणती आवडेल, चांगली कोणती, वाईट कोणती. क्लॅरेंडनमध्ये केनेथ क्लार्क यांनी १६ काळ्या मुलांना हे प्रश्न विचारले. त्यांपैकी १० मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. ११ मुलांनी सावळी बाहुली वाईट म्हणून दाखवली. आणि तुझ्यासारखी बाहुली कोणती, असे विचारल्यावर त्यांच्यातील काहींना त्याच बाहुलीकडे बोट दाखवावे लागले. काही वकिलांना बाहुल्यांचा हा पुरावा पोरकट वाटला. मार्शल यांनी मात्र तो न्यायालयात मांडला.

तीनपैकी दोन न्यायाधीश विरुद्ध गेले आणि खटला हरला. पण अशीच प्रकरणे इतर ठिकाणांहूनही वर येत होती. व्हर्जिनियात बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने मोडकळीस आलेल्या शाळेविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप घडवून आणला होता. कॅन्सस राज्यात टोपेका येथे लिंडा ब्राऊन ही लहान मुलगी रेल्वेचे रूळ ओलांडून बसपर्यंत चालत जाई आणि दूरच्या शाळेत पोहोचे. गोऱ्यांची शाळा तिच्या घरापासून काही गल्ल्यांवर होती. डेलावेअर आणि वॉशिंग्टन येथूनही खटले आले. अशा पाच खटल्यांची सुनावणी एकत्र झाली. लिंडाच्या वडिलांच्या आडनावावरून तो ब्राऊन खटला म्हणून प्रसिद्ध आहे.

विरुद्ध बाजूला जॉन डेव्हिस हे नामांकित वकील होते. ते १९२४ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले होते. हॉवर्डमध्ये शिकत असताना मार्शल तास चुकवून त्यांचे युक्तिवाद ऐकायला जात असत. आता त्याच डेव्हिस यांच्यासमोर त्यांना उभे राहायचे होते. सुनावणी १९५२ च्या डिसेंबरमध्ये झाली आणि पुन्हा १९५३ च्या डिसेंबरमध्ये झाली. डेव्हिस यांनी जुन्या निकालांवर आणि राज्यांच्या अधिकारांवर भर दिला. मार्शल यांचे बोलणे साधे होते. दक्षिणेत गोरी आणि काळी मुले रस्त्यावर एकत्र खेळतात, एकाच शेतात राबतात, मग शाळेच्या दाराशीच त्यांची ताटातूट का करावी, याचे उत्तर त्यांनी मागितले.

१७ मे १९५४ रोजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल वाचला. नऊच्या नऊ न्यायाधीशांचे एकमत होते. शाळांमध्ये वेगळेपणा आणि समानता एकत्र नांदू शकत नाहीत, असे ठरले. १८९६ चा निकाल शाळांपुरता संपला.

पण लढाई संपली नव्हती. पुढच्या वर्षी न्यायालयाने अंमलबजावणीची नक्की तारीख दिली नाही आणि राज्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. व्हर्जिनियातील एका जिल्ह्याने तर काळी आणि गोरी मुले एकत्र बसू नयेत म्हणून १९५९ पासून पाच वर्षे सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. बार्बराने संप केला तोच हा जिल्हा. याच काळात मार्शल यांच्या घरीही दुःख आले. निकालाच्या आनंदात व्हिव्हियन यांनी आपला कर्करोग पतीपासून लपवून ठेवला होता. फेब्रुवारी १९५५ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षाच्या शेवटी मार्शल यांनी सिसिलिया सुयात यांच्याशी विवाह केला. त्यांचे आईवडील फिलिपीन्समधून आलेले होते. या दांपत्याला दोन मुलगे झाले.

१९६० मध्ये मार्शल यांना आफ्रिकेतून बोलावणे आले. केनिया हा देश तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि स्वातंत्र्याच्या वाटाघाटी सुरू होणार होत्या. तरुण नेते टॉम म्बोया यांनी मार्शल यांना कायदेशीर सल्लागार होण्याची विनंती केली. जानेवारीत ते नैरोबीला गेले आणि तेथून परिषदेसाठी लंडनला गेले. केनियातील जनतेच्या हक्कांचा मसुदा त्यांनी तयार केला.

येथे त्यांच्यासमोरचा पेच उलटा होता. अमेरिकेत काळे लोक अल्पसंख्य होते आणि त्यांना बहुसंख्य गोऱ्यांपासून संरक्षण हवे होते. केनियात काळे बहुसंख्य होते आणि राज्य आता त्यांच्या हाती येणार होते. तेथील गोरे साठ हजारांच्या आसपास होते, पण उत्तम जमिनी त्यांच्याकडे होत्या. आणि हिंदुस्थानातून गेलेले लोक सुमारे पावणेदोन लाख होते. रेल्वे बांधायला नेलेल्या पंजाबी कामगारांचे वंशज, गुजराती दुकानदार, कचेऱ्यांमध्ये काम करणारे गोवेकर कारकून असे ते लोक. आपल्या लोकांवर अन्याय करणाऱ्यांच्या हक्कांसाठी मार्शल यांनी का झिजावे, असे कोणालाही वाटले असते. पण त्यांनी मसुद्यात सर्वांना सारखे हक्क दिले. धर्माचे, भाषणाचे आणि संचाराचे स्वातंत्र्य दिले. सरकारने जमीन घेतली तर योग्य भरपाई द्यावी आणि भरपाईचा वाद न्यायालयाने सोडवावा, असे लिहिले. शिक्षण आणि आरोग्य यांचाही त्यात समावेश होता. बाल्टिमोरमध्ये जे तत्त्व काळ्यांच्या बाजूचे होते, तेच नैरोबीत गोऱ्यांच्या आणि हिंदी दुकानदारांच्या बाजूचे ठरत होते. त्यांनी ते बदलले नाही.

मार्शल यांचा मसुदा जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही. तरी १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्या घटनेत मूलभूत हक्कांचे प्रकरण होते. त्याच वर्षी मार्शल पुन्हा केनियात गेले होते. हिंदी व्यापाऱ्यांना त्रास दिला जात असल्याचे त्यांच्या कानी आले आणि त्यांनी आपली नाराजी लपवली नाही. पुढे १९६७ च्या व्यापार परवान्यांच्या कायद्यानंतर हजारो हिंदी कुटुंबांना देश सोडावा लागला. कागदावरील हक्क कागदावर राहू शकतात, हे मार्शल यांना बाल्टिमोरच्या तळघरापासून ठाऊक होते.

ते लंडनमध्ये असतानाच, १ फेब्रुवारी १९६० रोजी, अमेरिकेतील ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले आणि उठेनात. पाहता पाहता ही चळवळ पसरली. रस्त्यावरची आंदोलने मार्शल यांच्या स्वभावाला मानवणारी नव्हती. मार्टिन लूथर किंग यांच्या मार्गाबद्दलही ते साशंक असत. कायदा मोडण्यापेक्षा कायदा जिंकावा, असे त्यांचे मत होते. मात्र अटक झालेल्या विद्यार्थ्यांना सोडवायला त्यांचेच वकील धावले.

सर्वोच्च न्यायालयात त्यांनी एकूण ३२ खटले चालवले आणि त्यांपैकी २९ जिंकले. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी त्यांना अपील न्यायालयाचे न्यायाधीश नेमले. १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना सरकारचे मुख्य वकील केले आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर त्यांची नेमणूक झाली. त्या पदावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांना शपथ देणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक हे तरुणपणी काळ्यांवर अत्याचार करणाऱ्या एका कुप्रसिद्ध गुप्त संघटनेचे सभासद होते. माणसे बदलतात, ती अशी.

तेथे ते चोवीस वर्षे होते. सुरुवातीची वर्षे सोडली तर त्यांचे मत बहुधा अल्पमतात असे. फाशीची शिक्षा घटनेत बसत नाही, असे ते शेवटपर्यंत लिहीत राहिले. १९७३ मध्ये टेक्सासमधील गरीब वस्त्यांच्या शाळांना कमी पैसा मिळतो, म्हणून पालकांनी दाद मागितली. पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. मार्शल यांनी सविस्तर विरोधी मत नोंदवले. क्लॅरेंडनचे १७९ आणि ४३ डॉलर ते विसरले नव्हते, असे ते मत वाचताना जाणवते. १९८७ मध्ये अमेरिकेने आपल्या घटनेची दोनशे वर्षे थाटाने साजरी केली. मार्शल यांनी तेव्हाही आठवण करून दिली, की मूळ घटनेने गुलामगिरी चालू ठेवली होती आणि तिच्यातील चांगले बरेचसे नंतरच्या लोकांनी झगडून मिळवलेले आहे.

प्रकृती खालावल्यामुळे १९९१ मध्ये ते निवृत्त झाले. २४ जानेवारी १९९३ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची शवपेटी सर्वोच्च न्यायालयाच्या दालनात ठेवली होती. कडाक्याच्या थंडीत हजारो लोक रांगेत उभे होते.

२००५ मध्ये बाल्टिमोरच्या विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले. त्याच्या बऱ्याच आधी, १९८० मध्ये, मेरीलँड विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयानेही आपल्या ग्रंथालयाला थर्गुड मार्शल यांचे नाव दिले होते. डोनाल्ड मरेसाठी ज्याचे दार उघडावे लागले, तेच हे महाविद्यालय. नामकरणाचा समारंभ मोठा झाला. मार्शल त्याला गेले नाहीत.